गाव का सोडलं नाही, असं विचारलंत म्हणून

मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची, असं म्हटलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतो. "वर्षभर आधीपासून हादरे बसत होते ना? मग तुम्ही लोकांनी गाव का सोडलं नाही?" ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या मित्रानं जेवता जेवता विचारलं. विचारणारे वाईट नसतात हे मला कळतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या त्या पहाटेपर्यंत आम्ही डोळे मिटून बसलो होतो, असं त्या प्रश्नात आधीच गृहीत धरलेलं असतं. ते ऐकून मी तीस वर्षांहून जास्त काळ गप्प बसले किंवा तुटक बोलले. आता एकदा नीट सांगते.

हादरे ऑगस्ट १९९२ पासून सुरू झाले होते, हे खरं. आधी आवाज यायचा. जमिनीखालून बैलगाडी जावी तशी गुरगुर, मग उतरंडीतली भांडी वाजायची, मग शांत. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा मोठा होता. भिंतींना भेगा पडल्या. अख्खा गाव घराबाहेर आला. त्या वर्षीची दिवाळी आम्ही अंगणात आणि शेतात काढली. बाजा बाहेर, चूल बाहेर, दप्तरं बाहेर. अर्ज झाले, त्यातल्या एकावर आप्पांनी सही करताना मी बघितलं आहे. पत्र्याची शेडं मिळावीत, एवढंच मागणं होतं. ती मिळाली नाहीत.

मग थंडी पडली. आधी लेकुरवाळ्या आत गेल्या, मग म्हातारी माणसं, मग सगळेच. हादरे कमी झाले. उन्हाळ्यात आम्ही एरवीही बाहेरच झोपतो, त्यामुळे कोण भीतीनं बाहेर आहे आणि कोण उकाड्यानं, हे सांगता येईना. पावसाळ्यानं उरलेल्यांना आत नेलं. गाव सोडणं म्हणजे नक्की काय करणं? रान सोडायचं, गुरं सोडायची, मुलांची शाळा सोडायची आणि जायचं कुठं? किती दिवस?

हे माझं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही, आणि त्यावरच मला अडायला होतं. पंचविशीत मी हे उत्तर फार जोरात द्यायचे. "गरीब माणूस कुठं जाणार?" असं म्हणायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. पण आम्ही तेवढे गरीब नव्हतो. शेतात आमची खोप होती, कडब्यानं शाकारलेली, अंगावर पडली असती तरी खरचटण्यापलीकडं काही झालं नसतं. आमचे एक चुलते वर्षभर तिथंच झोपले आणि वाचले. आम्हाला जायला जागा होती. आम्ही गेलो नाही.

का गेलो नाही, तर आमचा भिंतीवर विश्वास होता. दगड आणि चिखलात रचलेली, दोन-अडीच हात रुंदीची भिंत. वर खांब-तुळयांवर पेललेलं माळवद, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची, ती कुणी कमी करायचं नाही. वैशाखात बाहेर अंग भाजायचं आणि आत माठाच्या पाण्यासारखा गारवा. आज्जी सांगायची, रझाकाराच्या वेळी याच भिंतीआड चार घरच्या बाया दडून बसल्या होत्या. ज्या भिंतीनं आज्जीला वाचवलं तिला आम्ही घाबरायचं कसं? शाळेत तर शिकवलं होतं की दख्खनचं पठार जुनं, घट्ट, स्थिर. भूकंप हिमालयात होतात. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तेव्हा पाच विभाग होते आणि लातूर-उस्मानाबाद सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होतं. २००२ साली नकाशा बदलला, पहिला विभागच काढून टाकला आणि आमचा भाग तिसऱ्यात गेला. तोवर आमच्याकडची बावन्न गावं भुईसपाट होऊन नऊ वर्षं झाली होती.

आमच्या घरात एकाच माणसाचा भिंतीवरचा विश्वास उडाला होता, आज्जीचा. ऑक्टोबरच्या हादऱ्यात कोनाड्यातला दिवा तिच्या पुढ्यात पडला, त्या दिवसापासून ती आत झोपली नाही. अंगणातल्या लिंबाखाली तिची बाज. पाऊस आला तर बाज ढेलजेच्या तोंडाशी ओढायची, पण आत नाही म्हणजे नाही. रात्री ती जमिनीवर तळहात टेकवून बघायची. "जिमीन गुरगुरूलालीय," म्हणायची. सुरुवातीला सगळे ऐकायचे. मग आम्हालाही तिची सवय झाली. मी आठवीत होते. माझ्या मैत्रिणी आज्जीची नक्कल करायच्या, जमिनीला कान लावून. मला लाज वाटायची. लाज हाच शब्द खरा आहे.

२९ सप्टेंबरला गणपती गेले. मिरवणूक उशिरापर्यंत चालली. आज्जीला मीच हात धरून चौकापर्यंत नेलं, गुलालानं तिचं लुगडं रंगलं. परत येताना ती दमली होती आणि तिला खोकला होता. अंगणात आली आणि बाजेकडं वळली. मी तिचा हात सोडला नाही. म्हटलं, "आज्जी, आज आत ये. लोक हसतात आपल्याला. माझ्यासाठी ये." तिनं माझ्याकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं आणि आत आली. भिंतीकडची जागा तिनं घेतली, कारण मी खांबाशी झोपायचे आणि मला ती जागा आवडायची.

एवढं मी काही जणांना सांगितलं आहे. पुढचं सांगत नाही.

पहाटे तिनं मला हलवलं. अंधार होता. ती उठून बसलेली होती, हे मला तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं. म्हणाली, "पोरी, गुरगुरूलालीय." मी कूस बदलली आणि म्हणाले, "झोप गं आज्जी." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटतं ती मला सोडून जायचं की नाही याचा विचार करत होती, पण हे माझं वाटणं आहे, ती फक्त चप्पल शोधत असेल. मग तो आवाज आला. तीन वाजून छप्पन्न मिनिटं ही वेळ मला पुढं पेपरातून कळली. आमच्या घरातलं घड्याळ सापडलं नाही.

भिंत आधी आत आली. तुळई माझ्या खांबावर अडली आणि खांब तिरपा झाला, पण उभा राहिला. पुढं इंजिनिअर लोकांनी हेच लिहिलं, की बऱ्याच घरांत लाकडी सांगाडा टिकला आणि भिंतींनी माणसं मारली. मी तो सांगाडा आहे, असं मला कधी कधी वाटतं. तोंडात माती, डोळ्यांत माती. पांढऱ्या मातीला ओली झाली की एक वास येतो, तो आजही पहिल्या पावसात कुठून तरी येतो आणि मी खिडकी लावून घेते. मी आज्जीला हाका मारल्या. माझ्या उजव्या हाताला तिच्या लुगड्याचा काठ लागत होता. तो मी ओढत राहिले. पलीकडून कुणी ओढला नाही.

आप्पा आणि मोठा भाऊ मांडवातच झोपले होते, म्हणून ते दोघं वाचले. उजाडल्यावर त्यांनी पहारीनं आणि नुसत्या हातांनी दगड काढले. मी निघाले, आई निघाली. आज्जी आणि चुलती निघाल्या तेव्हा आप्पांनी मला तोंड फिरवून उभं केलं. मग पाऊस आला आणि लागूनच राहिला. त्या पावसात सरणं पेटत नव्हती. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पेपरांत सगळं आलं होतं.

तर प्रश्न असा की आम्हाला कळायला हवं होतं का. आज्जीला कळलं होतं, असं तुम्ही आता म्हणाल. मीही वीस वर्षं तसंच म्हणत होते. पण शांतपणे बघितलं तर आज्जी जवळजवळ वर्षभर रोज तेच म्हणत होती. त्यातल्या एकाच रात्री ती बरोबर ठरली. डहाणू-तलासरीकडं नोव्हेंबर २०१८ पासून असेच हादऱ्यांमागून हादरे बसले, लोक तंबूत झोपले, किती तरी रात्री मुलं कुडकुडली. गाव उठवणारा मोठा भूकंप तिथं आला नाही. तिथल्या माणसांनी गाव सोडायला हवं होतं का? कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि धरणाच्या परिसरात आजही जमीन हलत असते. तिथं माणसं राहतात, शेती करतात. हादरा बसला म्हणजे मोठा येणारच असं नाही, आणि येणार नाही असंही नाही. आज जगातलं कुठलंही यंत्र हे आधी सांगू शकत नाही. मग हे काम एका आठवीतल्या पोरीकडून आणि तिच्या म्हाताऱ्या आज्जीकडून अपेक्षित धरायचं?

असं म्हणते आणि लगेच मला माझंच उत्तर पळवाट वाटतं. कारण भूकंप कधी ते कुणालाच कळत नसलं, तरी भिंत कशी आहे हे ऑक्टोबरच्या भेगांनी दाखवलं होतं. भेगेत माझी बोटं जायची. गाव सोडणं जमण्यासारखं नव्हतं, पण माळवदावरची माती उतरवणं जमलं असतं. बाजा भिंतीपासून हलवणं जमलं असतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे आणि ते मी मागं घेत नाही. पण आम्हीही विचारलं नाही. आणि मी तर जिला कळत होतं तिला आत आणलं.

पुनर्वसनाच्या गावात आम्हाला जमिनीच्या हिशेबानं चारशे चौरस फुटांचं घर मिळालं. सरळ रस्ते, सारखी घरं, रात्री आप्पांना आपलं दार सापडत नसे. त्यांनी घरापुढं पत्र्याचं शेड मारलं आणि शेवटपर्यंत तिथं झोपले. मी पुण्यात सहाव्या मजल्यावर राहते. २००२ च्या नकाशात पुणंही तिसऱ्या विभागातच येतं. इमारतीचा नकाशा कुणी तपासला होता का, खांबांत सळ्या किती, हे मी सोसायटीच्या एकाही बैठकीत विचारलेलं नाही. पार्किंगवर बोलले आहे. घरी येऊन स्वतःवर संतापले, पण पुढच्या बैठकीतही विचारलं नाही. उद्या माझ्या मुलाला कुणी विचारलं की तुझ्या आईला सगळं माहीत असून तिनं काय केलं, तर तो काय सांगेल?

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ चा हादरा बसला, दहा-अकरा मिनिटांत दुसरा. वसमतहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, तू सांग, आम्ही बाहेर झोपावं का?" मी म्हटलं, झोपा. चार रात्री झोपले. मग डास, मग पोराची परीक्षा, मग नवरा म्हणाला लोक हसतात. हे तिनं सांगितलं तेव्हा माझ्या घशाशी काही तरी आलं, पण मी तिला आज्जीचं सांगितलं नाही. १० जुलैला पुन्हा ४.५ चा बसला आणि पुन्हा फोन. या वेळी ती रागावलेली होती, माझ्यावरच. म्हणाली, "तू म्हणतेस बाहेर झोपा. किती दिवस ते सांग. महिना? वर्ष? तू सांगशील तेवढे दिवस झोपते."

मला सांगता आलं नाही. बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं, तुमचं जुनं घर अजून दगडमातीचंच आहे का. म्हणाली, मागच्या दोन खोल्या दगडमातीच्या, पुढं स्लॅब आहे. मुलगा कुठं झोपतो? मागं. त्याची बाज कुठल्या भिंतीला लागून आहे?

ती बघायला गेली. फोन चालूच होता. आधी तिची पावलं ऐकू आली, मग फरशीवरून बाज ओढल्याचा आवाज.