की-ओ-राही: पोऊ किती शिवायचे आणि आत कधी वळायचं

मागच्या नोंदीत की-ओ-राही या न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या खेळाचे नियम समजून घेण्यापर्यंत पोचलो होतो. आता पूर्ण सामने खेळतोय, त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच साठलंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी ऑकलंडच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे माओरी भाषा शिकवणारे मातुआ (म्हणजे गुरुजी) मोठ्या मुलांना हा खेळ शिकवतात आणि मीही मुलांबरोबर मैदानात असते. मैदान गोल, मधोमध तुपू. आमचा तुपू म्हणजे एक मोठं प्लॅस्टिकचं पिंप. बाहेरच्या अंगाला गोलाकार सात खांब, ते पोऊ. चेंडूला की म्हणतात. तानिफा संघ की तुपूवर मारून गुण घेतो. कीओमा संघ की घेऊन पोऊ शिवत जातो आणि मग आत घुसून तुपूभोवतीच्या पावेरो पट्ट्यात की टेकवतो. जितके पोऊ शिवले तितके गुण. नंतर संघ बाजू बदलतात. कमरेला फिती असतात. प्रतिस्पर्ध्यानं फीत ओढली की तुम्हाला अडवलं.

सगळी गंमत त्या आत वळण्यात आहे. आम्ही ठरवलेल्या नियमानुसार फीत ओढली गेली तर तोवर शिवलेले पोऊ वाया जातात. सुरुवातीला प्रत्येक मुलाला सातही हवे असायचे. आता सातवीतली एक मुलगी दोन पोऊ शिवते, तिसऱ्याकडे खांदा झुकवते, तानिफाचा पाय तिकडे पडला की त्याच क्षणी आतल्या पायावर वळते आणि पावेरोत शिरते. आट्यापाट्यात पाटी धरणाऱ्याला हूल देतात ना, अगदी तशी. ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, कमरेकडे बघते. मी हे तिच्याकडूनच उचललं आणि माझं वळणं बरंच सुधारलं. दोन-दोन गुणांच्या अशा फेऱ्या जोडत गेलेला संघ बहुतेक वेळा पुढे राहतो.

पण मला या खेळातलं सर्वात मोलाचं काही वाटत असेल तर ते तातू. सामन्याआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात: संघात किती जण, मैदान केवढं, फीत ओढल्यावर काय. ठिकठिकाणी नियम वेगळे असल्यामुळे तातूशिवाय खेळ सुरूच होत नाही. आमचे मातुआ त्या वेळी मुद्दाम गप्प राहतात. परवा लहान वर्गातली मुलं मोठ्यांविरुद्ध खेळणार होती. बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी मोठ्यांनीच मान्य केलं की लहानांची फीत ओढली तरी त्यांना एक पास द्यायला मिळेल. सामना चुरशीचा झाला आणि नियमावरून एकदाही भांडण झालं नाही. या खेळामागच्या कथेत राही नावाच्या नायकाची बायको पातुपाइआरेहे, म्हणजे परीसारखे अद्भुत जीव, पळवून नेतात, राही त्यांच्या मागावर जातो, लढतो आणि शेवटी समेट होतो. ती कथा सांगितल्यापासून मुलं तातूला जास्त गंभीरपणे घेतात, हे मी स्वतः पाहिलंय.

की विणायलाही सुरुवात केली. सरावाला आम्ही मऊ रबरी चेंडू वापरतो, पण जुना की हाराकेकेच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या लांब पातींच्या झुडपाच्या, पातीचा. पाती कापण्याचीही रीत आहे: मधला कोंब आणि त्याला बिलगलेल्या दोन पाती, म्हणजे बाळ आणि आईबाप, तशाच ठेवायच्या, फक्त बाहेरच्या पाती तिरप्या कापायच्या. पावसात कापायचं नाही. विणलेला की बोटांना खरखरीत लागतो, त्यामुळे पकड छान बसते, मात्र फेकताना मनगट जास्त वापरावं लागतं.

मुलांना 2010 चा युरोप दौराही सांगितला. न्यूझीलंडच्या पुरुष संघात माजी ऑल ब्लॅक (न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचे खेळाडू) वेन शेल्फर्ड होते आणि नेदरलँड्सविरुद्ध सामना झाला. युरोपातही हा खेळ खेळतात हे ऐकून वर्गात एकच गलका झाला.

यापुढे तानिफाच्या फेकीवर काम करायचंय. धावता धावता तुपूवर नेम धरणं अजून कुणालाच नीट जमत नाही. उभं राहून जमतं, तोवर कीओमाचे राखणदार आडवे येतात. तुमच्यापैकी कुणी शाळेत की-ओ-राही शिकवत असेल तर धावत्या फेकीचा सराव कसा घेता ते जरूर लिहा.