साउथडेल तगलं ते पार्किंगच्या जमिनीवर

अमेरिकेत मिनियापोलिसला लागून इडायना नावाचं उपनगर आहे. तिथलं साउथडेल सेंटर 8 ऑक्टोबर 1956 ला उघडलं. बाहेरून कोऱ्या भिंतींचा डबा आणि आत एका छताखाली, वातानुकूलित हवेत सगळी वर्दळ, हा मॉलचा नमुना इथूनच जगभर गेला. मालक डेटन कंपनी (टार्गेट ही साखळी पुढे 1962 मध्ये यांनीच काढली). खर्च 2 कोटी डॉलर, दुकानं 72. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन, 1938 मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून आलेला व्हिएन्नाचा माणूस.

मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत सहज उतरतो, त्यामुळे छत हवंच होतं. पण छताचा आणखी एक फायदा होता. आतल्या दुकानांना पाऊस-बर्फ सोसणारा दर्शनी भाग बांधावा लागत नाही, दुकान सरळ पॅसेजमध्ये उघडतं. तोवरची बहुतेक मोठी शॉपिंग सेंटरं एकमजली होती, चालून पाय दुखायचे. ग्रुएनने दोन मजले केले आणि पार्किंगही दोन पातळ्यांवर ठेवलं. हे महत्त्वाचं, कारण वरच्या मजल्याला स्वतःचं दार नसेल तर तिथली दुकानं ओस पडतात. आपल्याकडच्या जुन्या शॉपिंग सेंटरांत पहिल्या मजल्यावर शिंपी, क्लास आणि बंद शटर का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

डेटनने आपल्याच जागेत डोनाल्डसन्स या प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअरलाही बोलावलं. दोन मोठे अँकर, म्हणजे गिऱ्हाईक ओढणारी मोठी दुकानं, असले की गिऱ्हाईक एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि मधल्या छोट्या दुकानांचा धंदा त्या येण्याजाण्यावर चालतो.

असे मॉल पुढे इतके का फोफावले, याचं एक कारण करात आहे. 1954 पर्यंत व्यापारी इमारतीचा घसारा (इमारत झिजते म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) साधारण 40 वर्षांत समान हप्त्यांनी धरायचे. म्हणजे 40 लाखांच्या इमारतीवर वर्षाला 1 लाख. त्या वर्षीच्या कायद्याने नव्या बांधकामाला वेगवान घसारा दिला: पहिल्या वर्षी 2 लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 38 लाखांवर 1 लाख 90 हजार. जमिनीवर घसारा मिळत नाही. मग हिशेब सरळच होता: गावाबाहेरची स्वस्त जमीन घ्या, तिच्यावर महाग इमारत नवी बांधा, जुन्या बाजारपेठेच्या डागडुजीत पैसे घालू नका.

ग्रुएनचा मूळ आराखडा 463 एकरांचा होता. मॉलभोवती घरं, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग, तळं. मॉल झाला, भोवती पार्किंगचं डांबर आलं. पुढे ग्रुएनने या सगळ्या पिलावळीचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं.

हे डांबर किती, ते मोजून बघा. एका गाडीला जागा आणि मार्गिका धरून सुमारे 325 चौरस फूट लागतात. साउथडेलमध्ये 5,200 गाड्यांची सोय होती. म्हणजे जवळजवळ 17 लाख चौरस फूट, सुमारे 39 एकर. त्यातला बराच भाग ख्रिसमसचे काही आठवडे सोडले तर रिकामा.

1992 मध्ये जवळच ब्लूमिंग्टनला मॉल ऑफ अमेरिका उघडला, नंतर ऑनलाइन खरेदी आली, आणि डिपार्टमेंट स्टोअर्स गळू लागली. असा रिकामा अँकर भाड्याने देणं अवघड असतं. मजला खूप खोल, खिडक्या नाहीत, आणि तुकडे पाडले तर आतल्या तुकड्यांना दर्शनी बाजूच मिळत नाही. साउथडेलमध्ये जेसी पेनी या डिपार्टमेंट स्टोअरची इमारत शेवटी पाडली आणि तिथे 2019 मध्ये लाइफ टाइमची मोठी व्यायामशाळा आली. त्याआधी, 2014 मध्ये, पार्किंगच्या कोपऱ्यावर वन साउथडेल प्लेस ही 232 घरांची इमारत उभी राहिली होती. पुढे पार्किंगच्याच जमिनीवर हॉटेलही आलं. घरं यायला अठ्ठावन्न वर्षं लागली.

पार्किंगवर असं बांधणं कागदावर सोपं दिसतं, पण अमेरिकी मॉलमध्ये अँकरचे करार आडवे येतात. पार्किंगची संख्या, दुकानाची रस्त्यावरून दिसणारी बाजू, गाड्यांचे रस्ते यांत बदल करायचा तर अँकरची संमती लागते. एक अँकर अडून बसला तर सगळा प्रकल्प अडतो. तरी तिथे संमती देणारे असतात मोजकेच.

मुंबईच्या उपनगरांत उलटं. जुन्या शॉपिंग सेंटरांचे गाळे एकेक करून ओनरशिपवर विकलेले, त्यामुळे संमती शेकड्यांनी गोळा करायची. शिवाय मोकळं पार्किंग नाही, म्हणजे धंदा चालू ठेवून शेजारी बांधायला जागाच नाही. सगळ्यांना बाहेर काढून पाडणं एवढंच उरतं. अशा वेळी गाळेधारकाने पुनर्विकासाच्या करारात नुसता कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) बघू नये. तळमजला होता तर तळमजलाच मिळणार का, शटर रस्त्याकडे की आतल्या पॅसेजमध्ये, दर्शनी रुंदी किती, माल उतरवायला टेम्पो कुठे थांबणार, हे नकाशावर खूण करून करारालाच जोडून घ्यावं. 200 चौरस फुटांचा गाळा 10 फूट रुंद आणि 20 फूट खोल असला तर दुकान. 5 फूट रुंद आणि 40 फूट खोल मिळाला तर त्याचं गोदामच होतं.