केबीसी पॉज करून अर्थशास्त्र शिकवलं त्याची गोष्ट

मी ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. बारावीचं उपयोगिता विश्लेषण आलं की दरवर्षी माझं तेच रडगाणं, पहिलं सफरचंद खाल्लं की समाधान जास्त, दुसऱ्याचं कमी, पाचवं नकोच वाटतं, आणि पोरं पहिल्या सफरचंदालाच कंटाळलेली.

मग म्हटलं टीव्हीवरचं काहीतरी दाखवू. पहिला प्रयत्न पार फसला. केबीसीचा अर्धा एपिसोड प्रोजेक्टरवर लावला, तास कसा संपला कळलंच नाही, पोरं जाम खूश, आणि शेवटी काय शिकलात विचारलं तर एकजण म्हणतो "मॅडम, उत्तर सी होतं". वर प्राचार्य दारातून डोकावून "आज पिक्चर का?" म्हणून गेले ते वेगळंच.

दुसऱ्या वेळी फक्त चार मिनिटांचा तुकडा घेतला. स्पर्धक ५० लाखांवर, पुढचा प्रश्न १ कोटीचा, आणि त्या सीझनच्या नियमाने चुकला तर थेट ३ लाख २० हजारांवर. तिथेच पॉज केलं. म्हटलं समजा दोनच ऑप्शन उरलेत आणि तुम्हाला उत्तर अजिबात माहीत नाही, वहीत लिहा, खेळणार की सोडणार? अख्ख्या वर्गात सहाजण खेळणार निघाले, त्यातले दोघं तर कशालाही हो म्हणणारे.

मग फळ्यावर हिशोब मांडला. निम्मा चान्स १ कोटीचा, निम्मा ३ लाख २० हजारांचा, सरासरी येते ५१ लाख ६० हजार, म्हणजे गणिताने खेळणंच फायद्याचं, मग तुम्ही सोडताय का? सगळे गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मॅडम पहिल्या ५० लाखांत कर्ज फिटतं, घर होतं, ताईचं लग्न होतं. पुढच्या ५० लाखांत काय, मोठी गाडी." अहो हीच तर घटती सीमांत उपयोगिता, म्हणजे सफरचंदासारखंच, प्रत्येक पुढच्या भरीचं समाधान आधीपेक्षा कमी! डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये पैशाबद्दल हेच मांडलं होतं, मी नुसतं त्याचं नाव फळ्यावर लिहिलं, बाकी शिकवायला काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "५० लाख पूर्ण हातात येतात का?" नाही रे बाबा, बक्षिसावर ३० टक्के टॅक्स, वर सेस वगैरे. झालं, सार्वजनिक वित्ताचं प्रकरण अजून दोन महिने लांब होतं पण त्या दिवशी अर्धा तास त्यातच गेला, मीही अडवलं नाही.

आता नियम एकच, पाच मिनिटांच्या वर क्लिप नाही, आणि निर्णयाच्या आधी पॉज. आयपीएलच्या लिलावालाही तेच करते, बोली थांबवायची आणि पर्समध्ये किती उरलेत ते पोरांना मोजायला लावायचं.

चाचणीत एकाने व्याख्या न लिहिता नुसतं "लॉक किया जाए" लिहिलं, त्याला शून्य दिलं.