क्यूब पास झाला, पण स्लॅबचे काय?

घर बांधणारा माणूस बहुधा पहिल्यांदा सिमेंटची कंपनी विचारतो आणि थोडा जाणकार असला तर काँक्रीटची ग्रेड विचारतो. दुसरा प्रश्न नक्कीच बरा आहे. मात्र एम २५ असे उत्तर मिळाल्यावर तो ज्या खात्रीने निर्धास्त होतो, तेवढी खात्री त्या नावात नसते, असे माझे साइटवरच्या अनुभवातून बनलेले मत आहे.

एम २५ म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा, म्हणजे क्यूब, २८ दिवसांनी दाबून पाहिला असता दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन भार सोसणारे काँक्रीट. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर असा क्यूब फुटताना काटा ५६२.५ किलोन्यूटनच्या पुढे गेलेला असावा लागतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाने असे गृहीत धरले आहे की, शंभरातले फार तर पाच निकाल या आकड्याखाली येतील, म्हणूनच मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाण्याचे प्रमाण, ठरवणारा अभियंता २५ नव्हे, तर सुमारे ३१.६ न्यूटनचे लक्ष्य ठेवतो. त्यासाठीची रीत आयएस १०२६२ मध्ये आहे, तर खडी आणि वाळू कशी असावी हे आयएस ३८३ सांगते.

क्यूबचे मात्र भरपूर लाड होतात. साच्यात नीट ठोकून भरलेला तो ठोकळा दुसऱ्या दिवशी सुमारे २७ अंश तापमानाच्या पाण्याच्या टाकीत जातो आणि तपासणीच्या दिवसापर्यंत तिथेच राहतो. स्लॅबच्या नशिबी ऊन, वारा आणि दुपारनंतर घाईला आलेला मुकादम असतो. त्यामुळे क्यूबचा निकाल मिक्सरमधून काय आले ते सांगतो. सळयांभोवती काय बसले ते सांगत नाही.

खरी गडबड पाण्यात होते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० ठरले असेल, तर ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी मिळते आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा असतो. गोणीमागे शंभर किलो वाळू पडत असेल आणि ती पाच टक्के ओली असेल, तर पाच लिटर पाणी आधीच आत आलेले असते. त्यावर ‘माल सरकत नाही’ म्हणून दहा लिटरची एक बादली ओतली की गुणोत्तर ०.७० च्या घरात जाते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला न लागणारे पाणी उडून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. माल सरकायला हवा असेल, तर आयएस ९१०३ नुसारचे प्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल सैल करणारे रसायन, वापरावे. बादली हा त्यावरचा उपाय नव्हे.

ही छिद्रे कोकण किनाऱ्यावर विशेष महागात पडतात. त्यांतून खाऱ्या हवेतले क्लोराइड आत शिरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींच्या बाल्कन्यांखाली उघड्या पडलेल्या लाल सळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आयएस ४५६ किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसी कामाला ‘तीव्र’ वर्गात टाकते आणि किमान एम ३० ग्रेड, घनमीटरला ३२० किलो सिमेंट, ०.४५ पेक्षा जास्त नाही असे गुणोत्तर आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, मागते. समुद्राचे तुषार थेट उडत असतील, तर हे आकडे एम ३५, ३४० किलो आणि ५० मिलिमीटर असे होतात. इथे निर्णय ताकदीपेक्षा टिकाऊपणाच्या हिशेबाने होतो, आणि तरीही हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी हाताला लागलेला खडीचा तुकडा सळईखाली सरकवला जातो!

पाणी मारण्याबाबत, म्हणजे क्युरिंगबाबत, मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सांगते. घरगुती कामात बहुधा पीपीसीच असते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवले जाते, हे ठीक. कॉलमला मात्र ओली गोणपाटे गुंडाळावी लागतात आणि तिथेच आळस होतो.

शंका उरलीच, तर उभ्या बांधकामातून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल तुकडे, काढून तपासता येतात. त्यांची सरासरी निर्दिष्ट ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. म्हणजे एम २५ साठी अनुक्रमे २१.२५ आणि १८.७५ न्यूटन. खासगी घरांत ही वेळ सहसा भांडण झाल्यावरच येते. त्यापेक्षा कंत्राटाच्या कागदावर ग्रेडशेजारीच पाणी-सिमेंट गुणोत्तर, कव्हर आणि क्युरिंगचे दिवस लिहून घ्यावेत, आणि स्लॅब टाकताना त्या बादलीपाशी कोणीतरी उभे राहावे.