संकष्टी, मुक्काम मोंतेविदेओ

कालनिर्णयात गावोगावचा चंद्रोदय छापलेला असतो. मोंतेविदेओचा नसतो. त्यामुळे गेल्या मार्चमध्ये आम्ही मुलाकडे उरुग्वेला असताना संकष्टी आली, तेव्हा घरात सकाळपासूनच पेच होता. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. दुपारी पाऊण वाजता तासगावहून धाकट्या जावेचा फोन आला, "अक्का, आमचा चंद्र झाला, उपास सुटला. तुम्हीपण सोडा की आता."

"आपण जिथं, तिथला चंद्र," असं म्हणून हिने फोन ठेवला आणि ती पुन्हा पोथी घेऊन बसली.

नेमकं त्याच रात्री पोराने हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. तेही नऊचं, कारण नऊच्या आत तिथं कुणी जेवायला बसतच नाही. त्याचं म्हणणं, "अण्णा, चाळीस वर्षं द्राक्षं काढली तुम्ही, एकदा इथली वाइन तरी बघा." आता आमच्या घरात पोरासमोर ग्लास धरायची रीत नाही. म्हणजे मी ग्लास कधी धरलाच नाही असं नाही. पोरासमोर धरला नाही. हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "चंद्र तसाही उशिरा आहे. घरात बसून घड्याळ बघण्यापेक्षा चला." एवढी परवानगी आम्हा दोघांना पुरली.

एक सांगतो. मार्चमध्ये बाग सोडून मी आयुष्यात कुठे गेलो नव्हतो. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी द्राक्षं निघतात ऑगस्ट ते ऑक्टोबरात. अपवाद आमचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावून आम्ही तिला दक्षिण गोलार्धाच्या वेळापत्रकावर नेऊन बसवलंय. त्यामुळे निर्यातवाल्यांच्या तोंडी नेहमी एक प्रश्न असतो, "चिलीचा माल आला का?" युरोपच्या बाजारात त्या मालाशी आमची गाठ पडते. चिली हा देश मी कधी बघितला नव्हता, पण भाऊबंदकीतल्या माणसासारखा तो मला ठाऊक होता. यंदा बाग धाकट्या भावावर सोपवून मी त्याच्या शेजाऱ्याच्या शेजारापर्यंत येऊन पोचलो होतो, आणि शेडवर बेदाणा वाळत टाकलेला असताना आलो होतो, हे मनातून जात नव्हतं.

उरुग्वे म्हणजे तसा घरगुती देश. लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास. आमच्या सांगली जिल्ह्याचीच २०११ च्या जनगणनेत २८ लाख भरली होती. रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या लोकांच्या काखेत थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या पेयाचा भोपळा. कडू पाल्याचं ते गरम पाणी नळीने ओढत ही माणसं बँकेत जातात, समुद्रकाठी फिरतात, प्रेमही करतात. समुद्र म्हणालो, पण ती नदी आहे. रिओ दे ला प्लाता, चांदीची नदी. रंग मात्र आमच्या कृष्णेला पूर आल्यावर असतो तसा.

हॉटेलात जेवणाच्या कार्डापेक्षा पिण्याचं कार्ड जाड होतं. वाढणारा पोरगा वेनेझुएलाहून आलेला, हसतमुख. मी द्राक्षवाला आहे हे कळल्यावर त्याने एक लाकडी फळी आणून ठेवली. फळीला चार भोकं, प्रत्येक भोकात एक ग्लास, ग्लासात दोन-दोन बोटं वाइन. शाळेतल्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांचा स्टँड असायचा, तसं. मला एकदम बरं वाटलं. प्रयोग करायला पोरासमोर काय लाजायचं?

पहिला ग्लास तन्नातचा. हे उरुग्वेचं लाडकं द्राक्ष, पण मूळचं फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडलं. पास्कुआल अर्रियागे नावाच्या बास्क माणसाने १८७० च्या दशकात ते साल्तो भागात लावलं आणि पुढे कित्येक वर्षं लोक या द्राक्षालाच 'अर्रियागे' म्हणायचे. माणूस जाऊन झाड त्याच्या नावाने उरावं, हे भाग्य शेतकऱ्याला क्वचित मिळतं. आमच्याकडे सोनाका, माणिक चमन अशी नावं आहेत, पण ती ऐकायला सोन्या-माणकांचीच.

घोट घेतला. जिभेवरून, हिरड्यांवरून काहीतरी खरवडत गेल्यासारखं झालं. त्या पोराने जाड साल, भरपूर बिया, तानीन असं बरंच समजावलं. जीभ कशी कोरडी पडते, गाल आत कसे ओढले जातात, हे हातवारे करून दाखवलं. आमचा मुलगा त्याचं भाषांतर करत होता. सगळं ऐकून मी म्हणालो, "तुरट." मुलगा थांबला. एवढ्या व्याख्यानाला आपल्याकडे तीन अक्षरं पुरतात हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. हिरडा चघळलेल्या, कच्चं जांभूळ खाल्लेल्या माणसाला तानीन कशाला शिकवायचं? चवींच्या यादीत तुरटाला गोडाच्या बरोबरीने पाट मांडणारी माणसं आपण.

तुरट म्हटल्यावर मला माझा एक एकर आठवला. पलूसला वाइन पार्क झालं तेव्हा मीसुद्धा वाइनची द्राक्षं लावली होती. बारीक मणी, आत बियाच बिया. शेजारी बांधावरून विचारायचा, "हे काय पाखरांसाठी लावलंय व्हय?" घेणारे कमी झाले तेव्हा बाग काढून टाकली. पण काढायच्या आदल्या दिवशी मूठभर मणी तोंडात टाकले होते, ती चव अशीच होती. पंधरा-सोळा वर्षांनी त्या एकरातली वाइन मी इथे पीत होतो, असं घटकाभर वाटलं.

दुसरा ग्लास अर्जेंटिनाचा मालबेक. हाही फ्रान्सचाच, काऑरकडचा. १८५३ साली मिशेल एमे पुजे नावाच्या फ्रेंच माणसाला अर्जेंटिनाच्या सार्मिएंतो नावाच्या पुढाऱ्याने बोलावून घेतलं, त्याच्याबरोबर हा वेल मेंदोसाला आला. मेंदोसा म्हणजे आमच्या जत-आटपाडीसारखा, पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, पण डोक्यावर अँडीजचा बर्फ. बर्फ वितळतो, पाटाने बागेत येतो. चवीला मऊ, पिकल्या करवंदासारखा. आवडला, पण त्याच्याविषयी फार काही सुचेना. सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखा वाटला.

खरी गोष्ट तिसऱ्या ग्लासात होती. चिलीचं कार्मेनेर. हे एके काळी फ्रान्सच्या बोर्दो भागातलं द्राक्ष. मणीगळ फार, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांना नकोसंच झालेलं. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या बारीक किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. पुन्हा लागवड झाली तेव्हा कार्मेनेर कुणी लावलंच नाही, आणि ते जवळजवळ संपलं. चिलीत मात्र किडीच्या आधी फ्रान्सहून गेलेल्या काड्यांत ते होतं. लोक त्याला मर्लो ही दुसरीच जात समजत होते. 'चिलीचं मर्लो जरा उशिरा पिकतं', एवढीच तक्रार. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी जाँ-मिशेल बुर्सिको नावाचा फ्रेंच वेलतज्ज्ञ मायपो खोऱ्यातल्या एका बागेत फिरता फिरता थांबला आणि म्हणाला, हे मर्लो नव्हे, हे तर आमचं हरवलेलं कार्मेनेर. जत्रेत हरवलेला भाऊ शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या आडनावाने नांदताना सापडावा, तसं.

नर्सरीतून एक जात म्हणून आणलेली काडी तीन वर्षांनी भलतंच फळ दाखवते, हे आमच्याकडे घडलेलं आहे. तेव्हा आम्ही नर्सरीवाल्याच्या दारात जाऊन जो उद्धार केला, त्याला चिलीच्या मानाने तोड नाही. पण आमच्या भांडणातून दुर्मिळ काही निघालं नाही. फिलॉक्सेरा चिलीत पोचलीच नाही. एका बाजूला वाळवंट, एकीकडे अँडीज, एकीकडे महासागर. म्हणून तिथले बरेच वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत, कलमाशिवाय. आम्ही खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो. खाली अमेरिकेतला रानवेल, वर आमचं द्राक्ष. स्वतःच्या मुळावरचा जुना वेल म्हटल्यावर मी त्या ग्लासाकडे जरा आदराने बघितलं. चव मात्र हिरव्या ढोबळी मिरचीची झाक असलेली. आदर राहिला, ग्लास निम्मा राहिला.

चौथा तोर्रोंतेस, अर्जेंटिनाच्या साल्ता भागातला, पांढरा. नाकाशी नेला आणि हिच्याकडे सरकवला. ही पिणार नव्हती, पण वासाला उपास नसतो. तिने हुंगलं, "अगंबाई, मोगरा." मी प्यायलो, तर साखरेचा मागमूस नाही, कोरडी ठणठणीत. या फळीवरचं खरं तिथलं पोर हेच. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या जातींचा तिथल्या मातीत आपसूक संकर होऊन जन्मलेलं.

तोवर मुलाने स्वतःसाठी पिस्को सावर मागवलं होतं. द्राक्षाचीच दारू, त्यात लिंबू, साखर, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. पिस्को आमचाच म्हणून पेरू आणि चिली यांचं भांडण जुनं आहे. पेरूकडे पिस्को नावाचं बंदरच आहे. चिलीने काय करावं? १९३६ साली ला युनिओन नावाच्या आपल्या गावाचं बारसं पुन्हा केलं आणि त्याला पिस्को एल्की म्हटलं. देवगड-रत्नागिरीवाल्यांनी हापूसवरून इतकी वर्षं वाद घातला, पण गावाचं नाव हापूस करावं हे त्यांना सुचलं नाही.

फेसावर तांबूस थेंब होते. मी विचारल्यावर तो वाढणारा पोरगा एकदम फुलला. हे आंगोस्तुरा, आमच्या देशातलं, म्हणाला. स्वातंत्र्यवीर बोलिव्हारच्या सैन्यात सीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर होता, त्याने १८२४ साली आंगोस्तुरा गावात पोटाचं औषध म्हणून हे केलं. औषध पुढे त्रिनिदादला गेलं, गावाचं नाव बदलून सिउदाद बोलिव्हार झालं, आणि बाटलीवर जुनं नाव तेवढं राहिलं. मुलाच्या आजीचं काडेचिराईत माझ्या डोळ्यांपुढे आलं. तिने त्यावर फेस घालून दिला असता तर आम्ही इतके पळालो नसतो.

शेवटी काइपिरिन्या. काइपिरा म्हणजे ब्राझिलातला गावंढळ माणूस, त्याचं हे लाडकं रूप. आपल्या भाषेत 'गावठुली' म्हणावं. लिंबाच्या फोडी साखरेबरोबर ग्लासातच ठेचायच्या, बर्फ, आणि वर काशासा, म्हणजे उसाच्या ताज्या रसाची दारू. रम बहुतेक मळीची, ही रसाची. मी उसाच्या मुलखातला. पहिल्या घोटाला नाकात गुऱ्हाळाचा वास आला. आणि मग मला गंमत वाटायला लागली. उसाच्या रसाची दाणेदार साखर करायची विद्या आपल्याकडची. शर्करा शब्द इराण्यांकडून, अरबांकडून फिरत फिरत पोर्तुगिजांच्या 'असुकार'मध्ये जाऊन बसला. लिंबू आशियातलं. या ग्लासात ब्राझीलचं होतं काय? नाव आणि बर्फ.

"आणि तिकडे आईच्या ताटात बघा," मुलगा म्हणाला.

हिने उपासाचं म्हणून जे मागवलं होतं ते एव्हाना आलं होतं. तळलेली मांडिओका, भाजलेला बटाटा, निखाऱ्यावरचं रताळं, वाटीभर खारे दाणे. मांडिओका म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो, तोच. हा कंद दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथला, बटाटा अँडीजमधला, रताळंही अमेरिकेचंच. एवढंच काय, 'काजू' हा आपला शब्दसुद्धा ब्राझिलातल्या तुपी लोकांचा. पोर्तुगीज गोव्यात झाडाबरोबर घेऊन आले. एवढ्या लांब येऊन मी तासभर फ्रान्स आणि सांगली जिल्हा पीत बसलो होतो, आणि खरं इथलं जेवत होती ती संकष्टी करणारी.

"मला तरी म्हटलं, मीठ तेवढं सैंधव नाही," ही म्हणाली. एकादशी नव्हती, पण दुप्पट खाशी चाललं होतं. तिच्यासाठी काशासा न घातलेली काइपिरिन्या आली. एक घोट घेऊन तिने माझ्याकडे बघितलं, "हे लिंबू सरबत आहे. याचे त्यांनी किती घेतले?" मुलाने आकडा सांगितला नाही. शहाणा आहे.

दहाच्या सुमाराला ती उठून बाहेर गेली. आम्ही मागोमाग. दोन इमारतींच्या फटीतून चंद्र वर येत होता, पिवळा, एका बाजूने झिजलेला. हिने हॉटेलच्या पेल्यातलं पाणी फुटपाथच्या कडेला झाडाच्या बुंध्याशी सोडलं, हात जोडले, आणि मग म्हणाली, "अहो, ससा बघा की." खरंच, ससा आपल्याकडे जसा बसतो तसा नव्हता, भलत्याच कुशीवर कलंडला होता. वेनेझुएलाचा पोरगा दारात उभा होता. मुलाने त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानेही वर बघितलं, आणि का कुणास ठाऊक, छातीवर क्रूस केला.

हिने जावेला फोन लावला. तासगावात सकाळचे साडेसहा झाले होते. "आमचा पण सुटला गं," एवढं बोलणं झाल्यावर मी तिच्या हातातून फोन घेतला.

"तात्या कुठं आहे? ढग आहेत का तिकडं?"

"शेडवर गेल्यात," जाऊ म्हणाली. "आणि ढग कुठले? काल चंद्र दिसला न्हवं का आम्हाला."