फक्कीची दोन वर्तुळे

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या आमच्या गणिताच्या बाई. शाळेने पुष्कळ दिले, पण मला लिहायचे आहे ते बाईंबद्दलच.

संयोग संच म्हणजे दोन्ही संचांतले सगळे घटक एकत्र, मात्र प्रत्येक घटक एकदाच. नववीत ही व्याख्या आम्हाला पाठ होती. ती कळली स्नेहसंमेलनाच्या तालमीत. नाटकात १८ मुले, लेझीमला २५. वडापाव किती सांगायचे? मॉनिटर म्हणाला, "४३." बाई काही बोलल्या नाहीत. पदर खोचला, खो-खोच्या मैदानासाठी आणलेली फक्की घेतली आणि पटांगणात एकमेकांत शिरलेली दोन मोठी वर्तुळे आखली. नाटकवाले एकात, लेझीमवाले दुसऱ्यात. दोन्हींकडे असलेले सातजण मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने उभे राहिले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर जिरेटोप आणि हातात लेझीम!

"आता मोजा," बाई म्हणाल्या, "जिरेटोपवाला दोनदा जेवणार आहे का?"

३६ भरले. बेरजेतून छेद संचाचे, म्हणजे दोन्हींकडे असलेले, घटक एकदा वजा करायचे, हे सूत्र मला त्यानंतर कधी घोकावे लागले नाही. अशा आकृत्या जॉन वेन यांनी १८८० मध्ये मांडल्या आणि संयोगाचे वाटीसारखे चिन्ह इटलीच्या पेआनो यांनी १८८८ मध्ये वापरले, हेही बाईंनीच सांगितले. परीक्षेत हे कोण विचारतो? पण बाईंना ते सांगितल्याशिवाय राहवत नसे.

आज मी हिंजवडीत डेटाबेसचे काम करतो, मोठी टीम सांभाळतो. तिथे 'युनियन' ही आज्ञा दोन याद्या जोडताना दुबार नोंदी गाळते, 'युनियन ऑल' सगळ्या ठेवते. नव्या मुलांना हा फरक समजावताना मी फळ्यावर जिरेटोपवालाच काढतो.

परवा शाळेत डोकावलो. पटांगणात पेव्हर ब्लॉक बसलेत. वाईट वाटले.

महोत्सव समितीला एक विनंती. माजी विद्यार्थ्यांच्या दोन याद्या आहेत, रजिस्टरवरची आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरची. त्या नुसत्या एकाखाली एक चिकटवू नका. युनियनवरही विसंबू नका, कारण एकीत माहेरचे नाव आणि दुसरीत सासरचे असेल, तर संगणक एकाच मैत्रिणीच्या दोघी करील. जन्मतारीख आणि दहावीचे वर्ष ताडूनच याद्या जुळवाव्या लागतील. ते काम मी आनंदाने करून देईन. आणि बाईंचे निमंत्रण कुरिअरने नको, मी स्वतः कोथरूडला जाऊन देतो.