तुम्ही विचारलंत म्हणून : दोरीत कसले आले अध्यात्म?

माझ्यासोबत दर आठवड्याला सामूहिक साधनेला बसणाऱ्या मैत्रिणी मला हा प्रश्न विचारतात, आमच्या घरी कपाटात नीट गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्या पाहिलेले नातेवाईक विचारतात आणि ज्यांनी या विषयाबद्दल कोठेतरी ऐकले आहे अशी नव्याने संसाराला लागलेली तरुण जोडपीही विचारतात. शब्द वेगवेगळे असतात, पण मुद्दा एकच असतो : स्वतःला दोरीने बांधून घेणे ही साधना कशी होऊ शकते आणि तिचा अध्यात्माशी संबंध काय? काहींच्या स्वरात काळजी असते, काहींच्या स्वरात नापसंती. मी ही गोष्ट मनापासून आणि गांभीर्याने करते, त्यामुळे दोघांनाही एकच उत्तर देते. बांधून घेण्याला साधनेचे रूप येते ते दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे अखंड अवधान आणि दुसरी म्हणजे बांधून घेणाऱ्याची सतत जागरूक अनुमती. यातली एक जरी गळाली तरी जे उरते त्याला अध्यात्माचे नाव देण्यास माझा विरोध आहे.

आधी प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. या प्रकाराला जपानी नावाने शिबारी म्हणतात. त्यासाठी साधारण सहा मिलिमीटर जाडीची, सात ते आठ मीटर लांबीची तागाची किंवा हेम्पची दोरी लागते. ती मध्यावर दुमडून दुहेरी धरतात आणि बांधणीची सुरुवात त्या दुमडीपासून करतात. आम्ही नागपुरातल्या आमच्या घरी जमिनीवर चटई टाकून बसतो. कधी पती मला बांधतात, कधी मी त्यांना. छातीभोवती आणि दंडांवर येणारे वेढे, पाठीमागे एकमेकांवर ठेवलेले हात किंवा घडी घालून बांधलेला एक पाय, इतकेच बहुतेक वेळा असते. बाजारात पोती शिवायला मिळणारी सुतळी यासाठी चालत नाही, कारण तिचा पीळ सैल असतो आणि ती अंगाला बोचते. दोरी आधी तयार करावी लागते : ज्योतीवरून झपाट्याने फिरवून तिची लव जाळायची, मग किंचित तेलाचा हात लावायचा. आमच्या उन्हाळ्यात ताग कोरडा पडून तंतू सोडू लागतो आणि पावसाळ्यात बंद कपाटात त्याला बुरशी धरते, म्हणून वर्षभर दोरीकडे लक्ष ठेवावे लागते. माझे आजोबा पोळ्याच्या आधी अंबाडीचे वाख काढून बैलांसाठी नवी दावी वळत असत. दोरी हाताने ओढून, उजेडात धरून, तिचा कमजोर भाग शोधण्याची त्यांची सवय माझ्या हाताला तिथूनच लागली असावी.

या कलेचा इतिहास सोवळा नाही आणि तो सोवळा करून सांगणे मला अप्रामाणिक वाटते. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, कैद्यांना दोरीने जखडण्याचे होजोजुत्सू नावाचे शास्त्र प्रचलित होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतो सेइयू या चित्रकाराने (१८८२ ते १९६१) जुन्या शिक्षांच्या आणि काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरील छळप्रसंगांच्या प्रतिमा आपल्या चित्रांत आणि छायाचित्रांत आणल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या काही नियतकालिकांतून त्या प्रतिमांना मोठा वाचकवर्ग मिळाला. हा सगळा प्रवास उघडपणे कामप्रेरणेचा आहे. आज अनेक शिक्षक शिबारीचा उगम थेट शिंतो मंदिरांतील शिमेनावा या पवित्र दोरापर्यंत नेतात. भाताच्या काडाचा पीळदार दोर आणि त्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या कागदी पट्ट्या ही पवित्र जागेची सीमा असते, आणि इझुमो येथील देवस्थानातला असा एक दोर सुमारे १३ मीटर लांब व पाच टनांच्या घरात वजनाचा आहे. ज्या संस्कृतीत दोर पवित्र जागा आखतो, तिथे दोरीकडे पाहण्याची नजरच वेगळी असणार, हे मी मान्य करते. पण देवळातल्या दोरापासून कैद्याच्या दोरापर्यंत आणि तिथून आजच्या चटईपर्यंत एकच अखंड परंपरा आहे, हे मात्र मला पटत नाही. आपल्या अनुभवाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्याला उसनी वंशावळ जोडण्याची गरज नसते.

माझ्यापुरता दुवा जपानमधून आलेला नाही, तो इथूनच, नागपूरजवळच्या माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रातील विपश्यना शिबिरातून आला आहे. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायचे असते. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि पुढे अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात, ज्यांत तासभर हात, पाय आणि डोळे न हलवण्याचा निश्चय करून शरीरावर उमटणाऱ्या संवेदना तटस्थपणे पाहायच्या असतात. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक असते की गुडघ्यातली कळ एवढी असह्य नसते, असह्य असतो तो पाय हलवण्याचा आतून उठणारा हट्ट. दोरीत नेमका हाच हट्ट समोर येतो. पाठीमागे हात बांधले गेले की काही क्षणांतच नाकाला खाज सुटते, खांदा अवघडतो, कूलरचा आवाज अचानक मोठा वाटू लागतो आणि उद्याच्या कामांची यादी डोळ्यांपुढे धावू लागते. मग हळूहळू लक्षात येते की हलायचे की नाही हा प्रश्नच आता शिल्लक नाही. निर्णय घेण्याचे काम संपले की त्या कामात अडकलेले मन मोकळे होते. श्वास आपोआप पोटापर्यंत जातो आणि छातीवरचा वेढा प्रत्येक श्वासागणिक किंचित आवळतो व सैलावतो, त्यामुळे श्वासाचा विसर पडणे अवघड होऊन बसते.

तरीही मी याला विपश्यना म्हणत नाही. त्या परंपरेत साधना इतर पद्धतींत मिसळू नये असे स्पष्ट सांगितले जाते आणि मी ते पाळते. सकाळची बैठक वेगळी आणि दोरी वेगळी. शिवाय दोहोंत मूलभूत फरक आहे. अधिष्ठानात मला स्थिर ठेवणारा माझाच निश्चय असतो, तर दोरीत माझी स्थिरता मी दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवलेली असते. त्यामुळे जे दिसते तेही वेगळे असते. एकटीने बसताना मला माझी चंचलता दिसते. बांधलेली असताना मला दिसते की मला मदत मागणे किती जड जाते, ‘इथे दुखते आहे’ एवढे साधे वाक्य बोलण्याआधी मी किती वेळ समोरच्याच्या मनाचा अंदाज घेत बसते. वर्षानुवर्षांच्या संसारात जे उघडे पडले नव्हते, ते दोरीने उघडे केले.

ही केवळ कल्पना नसावी असे मानायला थोडा आधार आहे. अमेरिकेतील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी परस्परसंमतीच्या अशा खेळांचा अभ्यास करताना १४ जणांना बांधणारा किंवा बांधून घेणारा यांसारख्या भूमिका सोडतीसारख्या पद्धतीने वाटून दिल्या. अनुभव घेणाऱ्या बाजूच्या लोकांची त्यानंतर एकाग्रतेच्या चाचणीतील कामगिरी उतरली, जे आत्मभान आणि नियोजन सांभाळणारे मेंदूचे कार्य तात्पुरते मंदावल्याच्या तर्काशी जुळणारे होते, आणि भान हरपून एखाद्या कामात बुडून जाण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना आढळल्या. चौदा माणसांवरून अध्यात्म सिद्ध होत नाही, आणि तो अभ्यास केवळ दोरीचाही नव्हता. परंतु बांधून घेतल्यावर जी शांत, वेळेचे भान विसरलेली अवस्था येते ती भाबडेपणाची उपज नाही, एवढे म्हणायला तो मला पुरेसा वाटतो.

बांधणाऱ्याच्या बाजूबद्दल लोक फारसे विचारत नाहीत आणि मला वाटते अवधानाची खरी कसोटी तिथेच आहे. दंडाच्या बाहेरच्या बाजूने हाडाला लगटून एक मज्जातंतू जातो. दोरीचा दाब त्यावर चुकीच्या जागी पडला तर मनगट वर उचलता येईनासे होते, आणि ते बरे व्हायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. रक्तप्रवाह अडला तर हाताचा रंग आणि थंडावा ते सांगतो, पण मज्जातंतू दबल्याची बातमी अनेकदा केवळ बांधलेल्या व्यक्तीलाच कळते : अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या, विजेसारखी चमक, बोटांतला जोर कमी होणे. म्हणून मी पतींना बांधते तेव्हा दर थोड्या वेळाने माझे बोट त्यांना मुठीत आवळायला सांगते, मनगट मागे वळवून दाखवायला सांगते, त्यांच्या श्वासाची लय ऐकते. त्या वेळात माझ्या मनात दुसरा विचार येऊच शकत नाही, आणि आला तर मी दोरी सोडायला घेते. युकिमुरा हारुकी या जपानी शिक्षकांनी (त्यांचे २०१६ मध्ये निधन झाले) जमिनीवरची, थोड्या दोरीची, अत्यंत संथ पद्धत लोकप्रिय केली, जिच्यात गाठीच्या सौंदर्यापेक्षा दोघांमधला संवाद महत्त्वाचा मानतात. मला तीच पद्धत जवळची वाटते. हवेत टांगण्याचे प्रकार आम्ही करत नाही.

मग येतो नेहमीचा आक्षेप : आपल्याकडे पाश तोडायचे असतात, तुम्ही तर बांधून घेता. शैव दर्शनात पती (ईश्वर), पशू (जीव) आणि पाश (बंधन) ही त्रयी आहे आणि जीव पाशातून सुटणे हे ध्येय आहे. बुद्धवचनांत दहा संयोजने म्हणजे बंधने सांगितली आहेत, ज्यांनी माणूस संसारचक्राला जखडलेला असतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याच परंपरांनी मनाला बांधण्याचाही विचार केला आहे. पतंजलींनी चित्ताला एका स्थानी बांधून ठेवण्यालाच धारणा म्हटले. नागपुरातल्या बौद्ध घरांत परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठीचे सूत्रपठण, होतो तेव्हा सगळ्यांच्या हातांतून पांढरा धागा फिरतो आणि पाठानंतर तो मनगटावर बांधला जातो. तो बंध कोणालाही बेडी वाटत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये सुरू झालेल्या आपल्या संस्थेत भिंतीवरच्या दोऱ्या आणि पट्टे योगासनांच्या साहाय्याला आणले, कारण आधार मिळाला की शरीर धडपड सोडते.

या सगळ्यांहून मला भागवतातील दामोदराची कथा अधिक खोल वाटते. यशोदा खोडकर कृष्णाला उखळाला बांधायला जाते आणि दोर प्रत्येक वेळी दोन बोटे कमी पडतो. ती घरातले सगळे दोर जोडते, तरी कमीच पडतो. अखेरीस ती घामाघूम होऊन थकते, तेव्हा तिच्याकडे पाहून कृष्ण कृपेने स्वतःला बांधू देतो. ज्याला कोणताही दोर पुरत नाही तो अनुमती देतो, आणि मगच गाठ बसते. जनाबाईंनी तर पंढरीच्या चोराला दोराने बांधून हृदयाच्या बंदिखान्यात कोंडले. तिथेही बांधला जाणारा दुबळा नाही. तोच या नात्याचा मालक आहे आणि प्रेमापोटी त्याने आपले स्वातंत्र्य तेवढ्यापुरते बाजूला ठेवले आहे. दोरीच्या साधनेत शरणागती असते ती अशी. ‘थांब’ म्हटल्याबरोबर जी थांबते तिलाच मी शरणागती मानते. जिथे तो शब्द उच्चारण्याची सोय नाही किंवा उच्चारल्यास समोरच्याचा रोष पत्करावा लागतो, तिथे दोरी होजोजुत्सूच्या काळात परत जाते.

म्हणूनच दोरीच्या क्षेत्रात कोणी गुरुपदाचा आव आणू लागले की मला भीती वाटते. दोरीने कुंडलिनी जागृत करून देतो, तुझे जुने आघात बाहेर काढतो, तू फक्त पूर्ण समर्पण कर, अशी भाषा करणाऱ्यांपासून मी तरुण मुलींना तळमळीने सावध करते. बांधलेल्या अवस्थेत माणूस हळवा आणि सहज प्रभावित होणारा झालेला असतो. त्या अवस्थेत नवी मागणी पुढे करणे, आधी न ठरलेली गोष्ट करणे हा विश्वासघात आहे, मग त्यावर मंत्रांचे कितीही आवरण असो. जे ठरवायचे ते दोरी हातात घेण्याआधी, चहा पिताना, शुद्धीवर असताना ठरवायचे.

यात शृंगार असतो का, हेही तुमच्यापैकी काहीजण अडखळत विचारतात. असतो, कधी असतो आणि कधी मुळीच नसतो. आम्ही पतीपत्नी आहोत. देहाची ओढ आमच्या मधे येऊन बसली म्हणून अवधान भ्रष्ट होते असे मी मानत नाही. संवेदना सुखद असली तरी तिच्याकडे पाहता येते आणि तिला न चिकटता राहता येते, हे तर शिबिरातच शिकवतात, आणि सुखद संवेदनेच्या बाबतीत ते दुखऱ्या गुडघ्यापेक्षा बरेच अवघड आहे.

ज्यांना हे वाचून करून पाहावेसे वाटेल त्यांनी दुसऱ्याला बांधण्यापासून सुरुवात करू नये. एकटे असताना फक्त स्वतःच्या पायावर, गुडघ्याच्या सांध्यापासून दूर, दोन बोटे सहज सरकतील इतका सैल वेढा घ्यावा, तो सोडावा आणि पुन्हा घ्यावा, आणि त्या वेळी त्वचेला काय जाणवते एवढेच पाहावे. मान नेहमीसाठी वर्ज्य समजावी. बोथट टोकाची, दोरी कापणारी कात्री हाताच्या अंतरावर ठेवावी आणि ती एकदा जुन्या दोरीवर वापरून पाहावी. मद्य घेतले असेल त्या दिवशी दोरी काढू नये. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे. दुसऱ्या व्यक्तीला बांधण्याची वेळ येईल तेव्हा जाणत्या माणसासमोर बसून शिकावे, बांधलेल्या व्यक्तीला सोडून दुसऱ्या खोलीत पाणी आणायलाही जाऊ नये, आणि दोरी सुटल्यानंतरचा अर्धा तास रिकामा ठेवावा, कारण जे बोलायचे असते ते बहुधा तेव्हाच सुचते.